आईच्या खाटेखालचं पाणी

प्रिय लाडोबा,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव, हुद्दा, सगळं नीट घातलंय. आत मात्र मी तुला आईच्याच नावानं हाक मारणार. पत्र बघून तू चक्रावला असशील. ताईचा फोन बिघडला की डोकं, असंही मनात आलं असेल. फोन चांगला चालतो. पण मी फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस आणि आजूबाजूच्या मंडळींना सांगतोस, या आमच्या ताई, यांनीच ते अजगर शिवले. मग ती सगळी माणसं एका सुरात मला नमस्कार करतात आणि मला जे बोलायचं असतं ते घशातच राहतं. मागच्या खेपेला मी म्हटलं, घरात पाणी आलंय. तर तू म्हणालास, अरे वा, आला का शेवटी नळ? आणि तेवढ्यात तुला दुसरा फोन आला. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही, म्हणून पत्र.

नळ आलेला नाही. पाणी आईच्या खोलीत, जमिनीतून येतंय. मागची खोली, जिची एक भिंत डोंगराच्या उतारातच रुतलेली आहे, तीच. आधी फरशीला नुसता घाम यायचा. मला वाटलं आईनं पेला सांडला आणि मी तिच्यावर उगाच डाफरले. मग खाटेजवळची फरशी फुगून वर आली. गवंड्यानं ती उचलली तर खालच्या मातीतून स्वच्छ, गार पाणी बुडबुडत होतं. मी ते आधी माझ्या वाफेच्या इस्त्रीत घालून पाहिलं. टँकरचं पाणी घातलं की आठवड्याभरात इस्त्रीची भोकं पांढऱ्या खारानं बुजतात. या पाण्यानं बुजली नाहीत. असं पाणी या डोंगरावर एकच होतं. तेव्हा अभिनंदन, तुमचा हरवलेला वरचा झरा सापडला.

गवंड्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघितली. खालच्या कोपऱ्यात बोट घालून माती बाहेर काढली, ती ओल्या कणकेसारखी त्याच्या बोटाला चिकटून आली. म्हणाला, भिंत मी नवीन बांधून देईन हो, पण पाण्यावर कशी बांधू? पाऊस सुरू व्हायच्या आत खोली रिकामी करा. तो माणूस मुळात घाबरट, शिडीवर चढायचं तरी दोघांना धरायला लावतो, म्हणून मी आधी ते हसण्यावारी नेलं. मग दाराच्या वर तडा गेला, चौकट तिरकी झाली आणि दार लागेना. आता ते दार मी काढून अंगणात टेकवून ठेवलंय. आईची खाट त्या भिंतीच्या अगदी कडेला आहे, तुला ठाऊक आहेच. भिंत पडली तर आधी कुणावर पडेल हे लिहायची गरज नाही, तरी लिहिते आहे, कारण तुला मधली वाक्यं गाळून वाचायची सवय आहे.

तू वाचता वाचता म्हणशील, ताईनं पुन्हा माझ्या कामाला नावं ठेवायला सुरुवात केली. तसं नाही रे. वणव्यानंतर हा डोंगर कसा दिसायचा ते मी विसरलेले नाही. नडगीपर्यंत राख, खाली मातीचा तेलकट कडक थर, आणि त्यावरून पावसाचं पाणी मुरायचं नाव न घेता थेट खाली घसरायचं. राखेचा तो काळा चिखल वाटेतलं सगळं गिळत आला आणि वरच्या झऱ्याचं तोंड त्यानं पार बुजवून टाकलं. सरकारी माणसं आली, मान हलवून गेली. तू मात्र नोकरी सोडून आलास, आणि तुझ्यामागून ती पोरं-पोरी आली. कुणी बँकेतली, कुणी दवाखान्यातली, एक तर दातांचा डॉक्टर होता, तो घमेली उचलताना सारखा स्वतःची बोटं तपासायचा. तुम्ही जळके ओंडके उतारावर आडवे रचलेत, मागे माती अडकली, मातीत गवत आलं. ते गवत आजही आहे. मी रोज खिडकीतून बघते. हे तुझं काम चोख होतं आणि ते मी तुझ्या वैऱ्यापुढेही सांगेन.

माझ्या शिवणकामाच्या खोलीचं काय झालं होतं तेही आठव. तागाच्या कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवायच्या, त्यात गवत ठासून भरायचं आणि ती वळकटी उतारावर आडवी टाकायची, म्हणजे राख वाहून जात नाही. तूच त्यांना अजगर म्हणायला लागलास आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. ताईंनी आज किती अजगर शिवले, असं पोरं विचारायची. तागावर माझ्या मशीनच्या सुया कटाकट मोडायच्या, कुसळं उडून आई रात्रंदिवस खोकायची, आणि लोकांच्या शिवायला आलेल्या झग्यांवर तपकिरी लव बसायची. गिऱ्हाइकं रागावून गेली ती गेलीच. बेकरीवाली एकदा मला म्हणाली, अगं हे स्वयंसेवक म्हणजे स्वतःची सेवा करून घेणारेच ना? मग ती सगळी तुझ्याच गळ्यात कशी? मी हसले. तेव्हा हसू यायचं, कारण झऱ्याची माती निघाली होती, आणि एके दिवशी करंगळीएवढी धार पुन्हा सुरू झाली होती. वरच्या आळीतल्या बायका हंडे न आणता नुसत्या बघायला आल्या होत्या. तू तिथे चिखलात मांडी घालून बसला होतास आणि रडत होतास. त्या दिवशी मला तुझा खरंच अभिमान वाटला. आतून उमाळा आला, असं म्हणतात ना, तसा. तुला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

मग ते पाहुणे यायचे ठरले. मोठी माणसं, तुमच्या कामाला हातभार लावणारी. त्यांनी झरा बघायला यायचं होतं आणि तुला आदल्या दिवसापासून ती करंगळीएवढी धार डोळ्यांत खुपायला लागली. एवढ्याशा धारेसाठी एवढी माणसं राबली असं वाटेल, असं तू जेवताना म्हणालास. फोटोत तर दिसणारही नाही म्हणालास. धार हळूहळू वाढेल, असं तुझ्याच गटातल्या एका मुलीनं म्हटलं, तर तू तिला म्हणालास, पाहुणे हळूहळू येणार नाहीत. सगळे हसले. आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या खालच्या वळणावर दिसल्या तेव्हा तू पहार घेतलीस आणि झऱ्याच्या तोंडाखालचा दगड फोडलास. आपण लहानपणी ज्याला झऱ्याचा ओठ म्हणायचो तो. पाणी त्याच्याच आधारानं मागे थोपून, वर येऊन वाहत होतं, हे आता कळतंय. तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं, तुलाही नाही, मलाही नाही. धप्पकन मांडीएवढा लोट बाहेर आला. पाहुण्यांचे बूट भिजले आणि तेही खूश झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. तू ओल्या कपड्यांनी वर बघत, दोन्ही हात पसरून उभा होतास.

तो लोट पाहुण्यांच्या गाड्या खाली उतरेपर्यंतही टिकला नाही. आतला साठा तेवढा एकदम रिता झाला, बस. मग पुन्हा करंगळी, मग नुसती ओल, मग तीही नाही. आत कुठली तरी चीर मोकळी झाली आणि पाण्यानं खालची वाट धरली. तू आधी म्हणालास पाणी बसतंय, येईल. मग भूजलाविषयी पुष्कळ बोललास. मग तो दुसरा डोंगर जळला आणि तुला तिकडून बोलावणं आलं. मी तुला थांब म्हटलं नाही, कारण जळलेल्या डोंगराच्या लोकांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे. पण जाताना तू वरच्या आळीला काहीतरी सांगून जाशील असं मला वाटलं होतं. तू पहाटेच निघून गेलास. गटातल्या त्या मुलीनं मात्र घरोघर जाऊन निरोप घेतला, बिचारीनं सगळ्यांची बोलणी खाल्ली.

पुढचं तुला माहीत नाही, कारण विचारायला तू इथे नव्हतास. वरची आळी टँकरवर आली. बेकरीवालीचं पीठ मळायचं पाणी टँकरचं, तिचे पाव दगडासारखे व्हायला लागले आणि तिची जीभ त्याहून. अशात आपल्या घरात पाणी निघालं. वरच्या आळीनं दोन अधिक दोन केले. भावानं वर पहार मारली, बहिणीच्या घरात पाणी निघालं. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणायला लागले. आणि खरंच मुरत होतं रे, आपल्याच भिंतीखाली मुरत होतं. कानावर हात ठेवू, तर हातही ओले. दुकानात गेले की गप्पा थांबायच्या. निवृत्त पोस्टमनकाका, ज्यांचे शर्ट मी आयुष्यभर मापाशिवाय शिवले, तेही मला विचारायला आले, बाई, खरं सांग, आतून पाइप टाकलाय का? मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, फरशीखाली हात घालायला लावला. त्यांनी हात घातला, पाणी प्याले, आणि तोंड पुसून म्हणाले, पाणी तर आमचंच आहे.

यावर कडी आपल्या आईनं केली. खाटेखाली पाणी वाजतं ते तिला ऐकू येतं. पाय गेले पण कान शाबूत आहेत. एकदा मी विचारलं, आई, आवाजाचा त्रास होतो का गं? तर लहान मुलीसारखी हसून म्हणाली, त्रास कसला, माझ्या लाडोबानं माझ्यासाठी झरा घरात आणला. मी समजूत घालायला गेले तर मलाच गप्प केलं. तुला त्याचं कधी कौतुकच नाही म्हणाली. आता वरच्या आळीतल्या बायका पाणी भरायला आपल्याच घरात येतात, मीच या म्हटलं त्यांना, माझ्या शिवणाच्या खोलीतून, कापडाच्या गठ्ठ्यांवरून ओल्या पायांनी ये-जा करतात. आणि आई खाटेवर उशीला टेकून प्रत्येकीला अभिमानानं सांगते, माझ्या मुलानं आणलं हो हे पाणी, आईसाठी. प्रत्येकीला. बादली भरेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहतात. संशय घेणाऱ्यांना आणखी काय पुरावा लागतो? लोक आम्हाला पाण्यात बघतात, आणि बघायला पाणीही आम्हीच पुरवतो.

मी तुझीच बाजू घेत आले. त्यानं जाणूनबुजून केलं नाही, सगळ्यांच्या भल्यासाठीच केलं, असं सांगून सांगून माझी जीभ झिजली. मग एक गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला आली आणि तिनं मला तिच्या फोनवर तुझं भाषण दाखवलं. मोठा हॉल, तू मंचावर, कोट घातलेला. कोट खांद्यात सैल आहे, कुणाकडून शिवलास? तुझ्या मागे पडद्यावर आपला झरा. मांडीएवढा लोट, भिजलेले बूट, टाळ्या. कोपऱ्यात मीसुद्धा आहे, तोंडाला पदर लावून हसतेय. तू म्हणालास, मृत झरा आम्ही असा जिवंत केला. आणि तिथेच चित्र थांबतं. तुझ्या त्या पडद्यावर पाणी अजून वाहतंय, लाडोबा. तू दर गावात जाऊन ते वाहतं ठेवतोस. मी त्या बाईचं माप चुकीचं घेतलं, तिचा ब्लाउज बिघडला, मला पुन्हा शिवून द्यावा लागला. तुझा मला राग आला असं नुसतं लिहिणं फार सभ्य होईल. तुझ्या तोंडावर चपराक मारावीशी वाटली. ज्या धाकट्या भावाला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्या तोंडावर.

खोटं बोलतोस असंही मला वाटत नाही, तेच तर अवघड आहे. त्या दिवसाच्या पुढे तू बघितलंच नाहीस, त्यामुळे तुझ्यासाठी गोष्ट तिथेच संपली. आता तू त्या दुसऱ्या डोंगरावर कुणा दुसऱ्याच्या झऱ्यापाशी उभा असशील. तिथेही एखादी धार करंगळीएवढी असेल. तिला हात लावू नकोस. मी इथली सगळी कहाणी तुझ्या गटातल्या त्या मुलीला फोनवर सांगितली आहे, तिनं निदान शेवटपर्यंत ऐकून घेतली. ती तिथे बोलेल. तुला तिचा राग आला तर तो माझ्यावर काढ.

आता इथे काय ठरलंय ते सांगते. वरच्या आळीची बैठक बेकरीत झाली, मलाही बोलावलं. झरा पुन्हा वर चढवता येणार नाही, पण पाणी निघालंय तिथे टाकी बांधून ते पंपानं वर नेता येईल, असं निघालं. म्हणजे मागची खोली पाडायची. मागची पाडली की पुढची राहत नाही, दोन्हींच्या तुळया एकच आहेत. म्हणजे घर गेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हो म्हटलं. उदार होऊन नव्हे. भिंत नाहीतरी पडणार आहे आणि पाणी खरोखरच त्यांचं आहे. मग बेकरीवाली, जिनं आपल्याबद्दल सगळ्यात जास्त आग ओकली तीच, उठून म्हणाली, माझ्या भट्टीच्या वरची पिठाची खोली रिकामी करते, उबदार आहे, म्हातारीच्या हाडांना बरी. मी माझं मशीन कालच तिकडे हलवलं. खिडकी छोटी आहे, दोरा ओवायला दारात यावं लागेल, पण चालेल. तुझ्या वाट्याची खोली म्हणशील तर ती मागचीच होती.

सगळं झालं, एक सोडून. आई हलायला तयार नाही. झरा सोडून मी कुठे जाणार नाही म्हणते. लाडोबानं आणलाय, लाडोबा सांगेल तेव्हा उठेन. बेकरीवालीनं समजावलं, पोस्टमनकाकांनी समजावलं, मी पाया पडले, मी ओरडले, एकदा तर मी आणि गवंड्यानं मिळून तिला खाटेसकट उचलायला घेतलं, तर ती इतकी किंचाळली की गवंड्यानं हातच सोडला. वणव्याच्या दिवशीही ती अशीच हलत नव्हती ना. सगळं गाव धुरातून खाली पळत होतं आणि सुट्टीवर घरी आलेला तू एकटा उलटा वर धावलास, तिला ओल्या घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतलंस आणि शाळेपर्यंत नेलंस. मी मागून तिची औषधं आणि मशीनचं डोकं कवटाळून चालत होते. त्या दिवसापासून तिच्या लेखी संकटातून उचलणारा माणूस जगात एकच. मी तिला रोज उचलते, कूस बदलते, धुते, पुसते. ते उचलणं तिच्या हिशेबातच नाही. भिंतीची फट आता माझा अख्खा हात आत जाईल एवढी झाली आहे आणि पश्चिमेकडे ढग भरून आलेत. पहार कुणाची होती हे मी तिला सांगितलेलं नाही. एकदा तोंडापर्यंत आलं होतं. पण तिच्याजवळ आता तुझ्याशिवाय काही उरलेलं नाही, आणि तेवढंही काढून घेण्याइतकी दुष्ट मी अजून झाले नाही. तेव्हा हे पत्र वाचलंस की निघ. तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ. झरा बेकरीतही घेऊन येतो म्हण, ती विश्वास ठेवील. गट आणू नकोस, कॅमेरा आणू नकोस. एकटा ये आणि तुझ्या आईला पाठीवर घेऊन बाहेर काढ, नाहीतर ती त्या भिंतीखाली जाईल, आणि जाताना तुझंच कौतुक करत असेल.

तुझीच, मला पटो न पटो,
ताई